विगची डेन्सिटी १८० सांगून ४६,५०० ला फसवलं, पुण्यात विग घेणार असाल तर वाचा

एकूण ४६,५०० रुपये गेले आमचे. केमोनंतर विग घ्यायला येणाऱ्या माणसाला नेमकं कुठं पकडायचं हे या लोकांना बरोबर माहीत असतं, म्हणून लिहितेय.

विग माझ्या ताईसाठी होता. केमो नुकतीच संपलेली, डोक्यावर एक केस नाही आणि मे महिन्यात तिच्या मुलाचं लग्न. दुकान मध्यवस्तीतलं, नाव लिहीत नाही कारण त्याच्यावर तक्रार दाखल करायचीय. दुकानदाराने खरे केस, १८ इंच, १३० टक्के डेन्सिटी (म्हणजे विगमध्ये केस किती दाट) असा ३२,००० भाव सांगितला आणि लगेच म्हणाला, "मॅडम १३० विरळ दिसतो, लग्नात फोटो निघणार, १८० घ्या, एकदम नॅचरल, १४,५०० फक्त जास्त." हे साफ खोटं आहे! साधारण १२०-१३० लाच आपल्या नेहमीच्या केसांसारखं दिसतं, १५० म्हणजे दाट, १८० म्हणजे भरगच्च. छप्पन वर्षांच्या बाईला, केमोनंतरच्या नाजूक टाळूवर, मेच्या उकाड्यात १८० कशाला? लांबी वाढली की तेवढ्याच डेन्सिटीचे केस जरा विरळ वाटतात हे खरंय, त्याच अर्ध्या सत्यावर त्याने आम्हाला खेळवलं. आणि प्रत्येक कंपनीचं १३० वेगळं असतं, त्याला ठरलेलं माप नाही, हे कोण सांगणार?

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही. अ‍ॅडव्हान्सचे ३०,००० यूपीआयने दिल्यावर त्याने बिल दिलं, त्यावर फक्त "हेअर विग १ नग". मी म्हटलं, १८० आणि १८ इंच लिहा ना, तर म्हणतो "ते आतल्या कार्डवर येतं". तिथंच उठायला हवं होतं! पण ताई सॅम्पल घालून आरशासमोर बसली होती, कित्येक महिन्यांनी हसली होती, त्या वेळी कुठली बहीण बिलावरून भांडत बसेल? उरलेले १६,५०० डिलिव्हरीला रोख मागितले, मशीन बंद म्हणे, पावती नंतर देतो. ती अजून आलेली नाही.

घरी नीट बघितलं तर भांगाजवळ आणि कपाळाला केस दाट, आणि मागचे केस वर उचलले की केस शिवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये बोटभर मोकळी जागा, नुसती जाळी. शेंड्यांकडे तर निम्मे केससुद्धा पोचत नाहीत. म्हणजे १८० चे पैसे आणि माल १०० चा पण नाही. पुढचा भागच बघून घेऊ नका, दुकानातच मागून उचलून बघा. मग मधले चार केस काढून जाळले, दोन जळून भुगा झाले, दोन वितळून कडक गाठ झाली, प्लॅस्टिकचा वास. खरे केस वितळत नाहीत! कार्ड वगैरे काहीच नव्हतं आत.

दुकानदार म्हणे वापरलेला माल परत नाही. पोलीस चौकीत गेले तर साहेब म्हणाले हा दिवाणी मामला, आणि वर "विगला एवढे पैसे?" असं हसत विचारलं. तिथून दुसऱ्या ऑफिसात, तिथं म्हणे अर्ज ऑनलाइन करा, ऑनलाइन केला तर "दुकानाशी संपर्क साधावा" म्हणून बंद! दुकानाशी संपर्क साधूनच आलेय ना मी? रोख दिलेल्या १६,५०० चा पुरावा काय, हे तर प्रत्येकाने मलाच विचारलं, चोराला कुणीच काही विचारलं नाही. आजारी बाईला लुबाडलंय, याची कुणाला लाज नाही.

शेवटी एका वकील मैत्रिणीने सांगितलं, २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. बिलावर "परत घेणार नाही" छापलं म्हणून सदोष मालाच्या जबाबदारीतून तो सुटत नाही, हेही तिनेच सांगितलं.

डेन्सिटी, लांबी, केस खरे की मिक्स, विगचं वजन ग्रॅममध्ये, सगळं बिलावर लिहून घ्या, लिहीत नसेल तर पैसे देऊ नका. सॅम्पलचा मागचा भाग उचलून फोटो काढा. रोख अजिबात नको. आणि फसलात तर विग धुऊ नका, आमचा तसाच पिशवीत ठेवलाय, जळलेल्या केसांसकट, आयोगापुढे तोच नेणार आहे.