तालुक्याच्या बाजारातला ड्रीमकॅचर किट: कडी चांगली, लेस अपुरी

ड्रीमकॅचर म्हणजे कडीत दोऱ्याचं जाळं विणून मणी-पिसं लावलेली, पाळण्यावर टांगायची वस्तू. अडीचशे रुपयांच्या या किटमध्ये १५ सेंटिमीटरची लोखंडी कडी, तिच्यावर गुंडाळायची दीड मीटर लेस, सुती दोरा, मणी आणि पिसं मिळतात. कडी मजबूत आहे. लेस मात्र पुरत नाही: ३ मिलिमीटरची पट्टी कडीभर गुंडाळायला दोन मीटर लागते.

खरी अडचण दोऱ्याची. सुती दोऱ्याची गाठ कडीवर घसरते. त्याला मेण चोळा, तीन मीटर कापा. पहिल्या फेरीत नऊ गाठी समान अंतरावर घ्या. पुढच्या फेरीत दोन गाठींमधल्या दोऱ्याच्या मधोमध गाठ घ्या. पहिली फेरी सैल राहिली तर जाळं लोंबतं, करकचून ओढली तर पुढे विणायला जागाच उरत नाही. पिसं गोंदानं चिकटवू नका, गाठीनं बांधा. मे महिन्यात पत्र्याच्या घरात गोंद सुटतोच.

आपली खूण म्हणून वैजयंतीचे मणी ओवा, त्यांना छिद्र निसर्गतःच असतं. गुंजा टाळा, विषारी असतात, आणि हे पाळण्यावर टांगायचं आहे!

माहितीपत्रकात नुसतं ‘रेड इंडियन’ छापलंय, हे खटकतं. ही वस्तू अमेरिका-कॅनडातल्या महासरोवरांकाठच्या ओजिब्वे या मूलनिवासी लोकांची. बाळांना जपणाऱ्या कोळीमातेशी, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या रूपातल्या मातेशी, ती जोडलेली आहे. अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९२९ साली नोंदवलेली कडी जेमतेम साडेतीन इंचांची होती, जाळं बारीक सुताचं, पूर्वीच्या काळी अंगाला खाज आणणाऱ्या वनस्पतीच्या तंतूचं. ओजिब्वेंचं नाव तरी छापायला हवं होतं.

पाचपैकी तीन तारे.