बॅटरीवरची चेनसॉ, नऊ महिन्यांनी: बॅटरीला उगाच दोष दिला

करवत घेतली गेल्या ऑक्टोबरात. दापोली तालुक्यात आमची आंब्याची तीसेक जुनी कलमं आहेत, उतारावर काजू आणि गडग्याला लागून गिरिपुष्प. छाटणीचं काम वर्षातून पंधरा-वीस दिवसांचं. तेवढ्यासाठी पेट्रोलची करवत सांभाळायची आणि दर वेळी कार्ब्युरेटर साफ करून आणायचा, हे नको झालं होतं. म्हणून ३६ व्होल्टची, १४ इंची बारची (बार म्हणजे ज्याच्याभोवती दातेरी साखळी फिरते ते पातं) बॅटरीवाली घेतली. बॅटरी ५ अँपिअर-अवरची.

पहिला महिना सुखाचा गेला. मनगटाएवढ्या फांद्यांपासून मांडीएवढ्या फांद्यांपर्यंत चाळीसेक काप एका चार्जिंगमध्ये सहज निघत. डिसेंबरात तेच काप वीस-बावीसवर आले. करवत दाबावी लागे, मोटर मध्येच बंद पडे, बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापे. बॅटरी गेली असं मी ठरवूनच टाकलं आणि दुसरी घ्यायला निघालो होतो. तेवढ्यात वाडीतले तात्या आले. त्यांची उभी हयात लाकूडतोडीत गेली. त्यांनी बॅटरीकडे पाहिलंही नाही. खाली पडलेला भुसा मुठीत घेतला आणि माझ्यापुढे धरला. "हे पीठ पडतंय रे. ढलप्या कुठे आहेत? आधी धार लाव."

धारदार दात लाकूड तासतो, त्याच्या ढलप्या पडतात. बोथट दात नुसता घासतो, त्याचं पीठ होतं आणि बॅटरीची सगळी ताकद उष्णतेत जाते. चूक माझी होती. तोडलेल्या फांद्या जमिनीवर ठेवूनच मी त्यांचे तुकडे करत होतो आणि प्रत्येक कापाच्या शेवटी साखळी तांबड्या मातीत घुसत होती. आमच्या मातीत जांभ्याचे खडे असतात. एकदा टोक लागलं तरी धार मोडते. आता फांदी आधी दुसऱ्या ओंडक्यावर उचलून घेतो.

पहिली धार मी बाहेरून लावून आणली, तो पैसा वाया गेला. ग्राइंडरवर दात इतके तापवले होते की टोकं निळी पडली. निळ्या पडलेल्या पोलादाचं पाणी बिघडतं. त्यावर कानस घसरते आणि लावलेली धार टिकत नाही. तेव्हापासून हे काम मी घरीच, पडवीत बसून करतो.

माझी साखळी ३/८ लो प्रोफाइल (साखळीच्या मापाचा एक प्रकार) आहे, तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. तुमची वेगळी असेल तर माप पुस्तिकेत बघा, अंदाजाने कानस आणू नका. आधी बॅटरी काढायची. ही पायरी मी एकदाही गाळत नाही, कारण बॅटरी लावलेली असताना चुकून चाप दाबला गेला तर बोटं जातील. बार शेगड्यात पकडायचा, एका दातावर मार्करने खूण करायची आणि ३० अंशांच्या कोनात आतून बाहेर कानस सरकवायची. परत आणताना उचलून आणायची, मागे घासायची नाही. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहायला हवा. प्रत्येक दाताला मोजून तीन घास. माझ्या साखळीला २६ दात, डावे-उजवे तेरा-तेरा. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा एका बाजूला जोर जास्त पडतो, मग दात कमी-जास्त लांबीचे होतात आणि काप वाकडा जायला लागतो. जानेवारीत माझा गेला. सगळे दात सर्वांत आखूड दाताच्या मापाला आणावे लागले.

दातापुढच्या उंचवट्याचा, म्हणजे डेप्थ गेजचा, धडा जास्त धोक्याचा होता. दात किती खोल घुसेल हे तो उंचवटा ठरवतो. माथ्यापासून तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. मी पट्टी न लावता चपट्या कानशीने भरपूर घासला. पुढच्याच कापात करवत लाकडाला हावऱ्यासारखी धरून उसळली. चेन ब्रेक, म्हणजे साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक, लागला म्हणून निभावलं. आता मापाची पट्टी ठेवल्याशिवाय तिथे कानस लावत नाही, तेही तीन-चार धारांनंतर एकदा.

या दातांची गोष्ट मला फार आवडते. १९४६ साली अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ओंडक्यात एका भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती जबड्याने डावीकडे-उजवीकडे कातरत पुढे जात होती. तिच्यावरून त्याने आजच्या साखळीचा दात बनवला. आपल्या कलमांची खोडं पोखरणारं भिरूड त्याच कुळातलं. भिरूड लागलेली फांदी कापताना मला हे दर वेळी आठवतं.

तेलाबद्दल एकच आग्रह: साखळीला तेल पुरवणाऱ्या टाकीत गाडीचं जळकं ऑईल ओतू नका. त्यात धातूचा कीस असतो आणि ते सगळं कलमांच्या बुंध्याशी मातीत उतरतं. शेजाऱ्यांनी खोबरेल सुचवलं होतं, पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. आमच्याकडे डिसेंबरातल्या सकाळी पंपच तुंबेल. मी बारचंच तेल वापरतो. काम सुरू करण्याआधी करवत जुन्या पुठ्ठ्यासमोर धरून क्षणभर चालवतो. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली नाही तर बारचं तेलाचं भोक चिकट भुशाने बंद झालेलं असतं. दर धारेला बार उलटा बसवतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. काम संपल्यावर साखळी सैल करतो, कारण निवल्यावर ती आकसते.

तक्रारी दोन. ठेवून दिली की रात्रभर तेल झिरपतं, त्यामुळे खाली ताट ठेवावं लागतं. साखळीला ताण द्यायची प्लास्टिकची चकती कामात सैल होते, दर अर्ध्या तासाने बघावी लागते.

धार नीट बसल्यापासून त्याच जुन्या बॅटरीवर पुन्हा अडतीस-चाळीस काप निघतात. दुसरी बॅटरी घेतली नाही. त्या पैशातून थोडे काढून दोन कानशी, मापाची पट्टी आणि एक जादा साखळी आणली. पावसाळ्यासाठी टाकी रिकामी केली आहे, साखळी तेलाच्या डब्यात बुडवली आहे आणि बॅटरी निम्मी चार्ज करून घरात कपाटात ठेवली आहे. पहिल्या साखळीच्या दातांवर झिजेची जी रेघ असते, तिथपर्यंत अजून दोन मिलिमीटर बाकी आहेत.