आठ महिने मोटरहोम वापरल्यावर: पानगळीतल्या डोंगरी शहराने काय दाखवलं

आम्ही दोघांनी मोटरहोम घेतली त्याला आता आठ महिने झाले. सहा मीटर लांब, २.८ मीटर उंच, टर्बो डिझेल इंजिन, हाताने बदलायचे गिअर, मागे आडवा बेड, मध्ये छोटंसं स्वयंपाकघर आणि बाथरूम. कमाल वजन ३,५०० किलो. पहिले सहा-सात महिने आम्ही ती समुद्रकाठी, तळ्याकाठी, सपाट मुलखातच फिरवली. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर सगळं गोडगोड लिहून मोकळी झाले असते. उबदार हवेत, सपाटीवर गाडीतलं काही बिघडलं तरी दार उघडून बाहेर खुर्ची टाकता येते आणि उणिवा लक्षातही येत नाहीत.

मग पानगळीच्या दिवसांत आम्ही नऊ रात्रींसाठी डोंगरातल्या एका शहरात गेलो. शहर १,२०० मीटरवर आणि तिथे पोहोचायला २,२०० मीटरची खिंड ओलांडायची. त्या नऊ रात्रींत गाडी जेवढी कळली तेवढी आधीच्या महिन्यांत कळली नव्हती. म्हणून बहुतेक तिथलंच लिहिते.

आधी घाट. चढ इंजिनाने निमूट चढला. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) असल्यामुळे विरळ हवेत ताकद फारशी कमी झाली नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के ताकद गमावतं, त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं. खरा कस उतारावर लागतो. निघण्यापूर्वी आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली होती. आम्ही दोघं, पाणी, डिझेल, सामान आणि दोन घडीच्या सायकली धरून ३,३०० किलो भरलं. एवढं वजन हजार मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. तेवढ्या उष्णतेत आमच्या टाकीतलं जवळजवळ सगळं, म्हणजे शंभर लिटरच्या आसपास गार पाणी उकळीला येईल. काही भाग हवा आणि टायर घेतात, बाकीचा एकतर इंजिनाने घ्यायचा नाहीतर ब्रेकने. नवऱ्याने हे गणित मला खिंडीत गाडी थांबवून सांगितलं आणि मग आम्ही ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो, दुसऱ्या-तिसऱ्यात. मागे गाड्या साचल्या की जागा पाहून बाजूला घ्यायचो आणि त्यांना जाऊ द्यायचो. ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही, लागेल तेव्हा नीट दाबायचा आणि सोडायचा. खाली पोहोचलो तेव्हा चाकांना जळका वास नव्हता. गाडी घेतल्या घेतल्या आम्ही ब्रेक ऑइल बदलून घेतलं होतं. ते हवेतला ओलावा शोषत जातं आणि मग कमी तापमानालाच उकळतं. वर्षातले कित्येक महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास दुर्लक्षित राहतं.

टायरचंही तसंच. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नवी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या दोन टायरवरचे आकडे पाहून आम्ही ते ताबडतोब बदलले. पानगळीत रस्त्यावर ओल्या पानांचा थर असतो आणि वळणावर तो साबणासारखा लागतो. तिथे कडक रबर नको.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ती. मोटरहोमच्या विजेचा सगळा हिशेब गाडी रोज थोडी चालेल आणि चालताना इंजिन बॅटरी भरेल हे धरून केलेला असतो. शहर पाहायला गेलात की गाडी चालत नाही. ती शहराच्या कडेला उभी राहते आणि तुम्ही बसने किंवा सायकलने फिरता. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पानांचे रंग पाहायला येणाऱ्यांची गर्दी असल्यामुळे विजेची जोडणी असलेल्या जागा भरल्या होत्या. आम्हाला नदीकाठची, जोडणी नसलेली जागा मिळाली. आमची लिथियम बॅटरी १०० अँपिअर-तासांची आहे. फ्रिज, डिझेलवरच्या हीटरचा पंखा, पाण्याचा पंप, दिवे, फोन मिळून दिवसाला ६० ते ७० जायचे. छतावरच्या सौर पॅनेलवर भिस्त होती, पण या मोसमात सूर्य खालून जातो, दिवस झपाट्याने लहान होतात आणि दरीत डोंगराची सावली असते. आमच्या जागेवर ऊन साडेदहाला यायचं आणि तीनच्या आत जायचं. त्यातही पॅनेलवर पानं पडलेली. उन्हाळ्यात जे पॅनेल दुपारपर्यंत बॅटरी भरायचं, त्याने तिथे दिवसाच्या खर्चाचा चौथा हिस्साही दिला नाही.

दुसऱ्या रात्री बॅटरी वीस टक्क्यांवर आली म्हणून मी झोपताना हीटर बंद केला. दोन जाड पांघरुणं होती, भागेल असं वाटलं. पहाटे चारला नवऱ्याने हलवून उठवलं. "अगं, खाली पाणी पडतंय, ऐकू येतंय का?" आम्ही दोघं टॉर्च घेऊन बाहेर. गाडीखालून धार लागलेली. टाकी फुटली या समजुतीने माझे हातपाय गळाले. निघालं असं की बॉयलरजवळ गोठण्यापासून संरक्षण देणारा एक वॉल्व्ह असतो. तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलर रिकामा करतो, म्हणजे आत बर्फ होऊन तो फुटू नये. वॉल्व्हने त्याचं काम चोख केलं होतं. पण गाडी ताब्यात देताना आम्हाला याबद्दल कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. गाडी घेताना हा वॉल्व्ह कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि आत ऊब आल्याशिवाय तो परत बंद होत नाही, त्यामुळे जबरदस्तीने दाबत बसू नका.

सकाळी चुलीची ज्योतही मलूल झालेली. बाहेरच्या कप्प्यात ब्युटेनचं सिलिंडर होतं. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच द्रव होऊन बसतो, त्याचा वायू होतच नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. थंडीत प्रोपेनच भरून घ्यायचा, हे साधं ज्ञान आम्हाला त्या सकाळी, गार पाण्याने तोंड धुताना मिळालं. बॅटरीच्या बाबतीत मात्र नशिबाने साथ दिली. ती पुढच्या सीटखाली, आतल्या उबेत आहे. ही लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तिची संरक्षक यंत्रणाच चार्जिंग थांबवते. ती बाहेरच्या कप्प्यात असती तर थोडंफार ऊन येत होतं तेही वाया गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही जागा बदलली. नदीकाठ दिसायला सुंदर, पण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि दरीच्या तळाशी साचते. आम्ही दीडशे मीटर वर, उतारावरच्या जागेत गेलो आणि पहाटे आमचा थर्मामीटर चार अंश जास्त दाखवत होता. वर गेल्यावर थंडी वाढणार असं आम्ही धरून चाललो होतो. एरवी ते खरंच असतं, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, पण स्वच्छ, शांत रात्री दरीत उलटं होतं. त्या सकाळी दार उघडलं तर खालचं सगळं शहर धुक्याखाली गेलेलं. दोन-तीन उंच छपरं आणि एक मनोरा तेवढा वर आलेला, आणि धुक्याच्या काठाने लाल-पिवळ्या झाडांची किनार. आम्ही दोघं पायरीवर एकाच पांघरुणात बसून राहिलो, ऊन येऊन धुकं विरेपर्यंत. आदल्या रात्रीचा सगळा वैताग तिथे उतरला. लग्नाला सोळा वर्षं झाली, इतका वेळ न बोलता शेजारी बसलेलो मला तरी आठवत नाही.

रंगांबद्दल एक उपयोगाचं सांगते. पानांतलं हरितद्रव्य संपलं की आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत पानगळीच्या तोंडावर नव्याने तयार होतो आणि स्वच्छ उन्हाचे दिवस, गार पण न गोठणाऱ्या रात्री असल्या की तो खुलतो. रंग आधी वरच्या झाडांवर येतात आणि हळूहळू खाली उतरतात. म्हणून डोंगरी शहरात तारीख चुकली तरी फार बिघडत नाही. खिंडीत झाडं उघडी झाली होती, शहरात रंग भरात होते आणि खालच्या गावांत नुकती सुरुवात होती. घर चाकांवर असल्याचा हा सर्वांत मोठा फायदा.

ओलावा हा माझ्या मते थंडीपेक्षा मोठा शत्रू आहे. दोन माणसं रात्रभर श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. त्यात एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. सगळं जाऊन गार काचेवर आणि गादीखाली बसतं. पाचव्या दिवशी गादी उचलली तर खालची फळी ओली. आता आम्ही छताची खिडकी कितीही थंडी असली तरी दोन बोटं उघडी ठेवतो, स्वयंपाक करताना पूर्ण उघडतो आणि गादीखाली जाळी टाकली आहे. पुढच्या काचेला आतून पडदा लावायचो, तो बदलून बाहेरून घालायचं जाड आवरण घेतलं. आतल्या पडद्यामागे काच गारच राहते आणि ओघळ डॅशबोर्डवर येतात. बाहेरच्या आवरणाने काचच गार पडत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहेच, त्याबद्दल चर्चा नको, तो लावाच.

शहरात गाडी नेण्याची चूक आम्ही एकदाच केली, पहिल्याच दिवशी. फोनवरच्या साध्या नकाशाला आपली गाडी २.८ मीटर उंच आहे हे माहीत नसतं. त्याने आम्हाला जुन्या भागातल्या चढाच्या गल्लीत घातलं आणि पुढे कमान. मी उतरून मागे गेले, आम्ही फोन कानाला लावला आणि ती गल्ली उलटी उतरलो. ओरडून दिशा सांगण्यापेक्षा फोन फार बरा, आवाज चढत नाही आणि भांडण होत नाही. मागची चाकं आणि गाडीचा शेवट यांत बरंच अंतर आहे, त्यामुळे चढ सुरू होतो तिथे मागचा भाग घासला. ओरखडा अजून आहे. आता उंची, रुंदी आणि वजन कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलंय आणि मोठ्या गाड्यांसाठीचा नकाशा वापरतो. गाडी शहराबाहेर ठेवून बसने आत जायचं हे ठरलं आणि मग सहल खरी सुरू झाली.

इतर थोडक्यात. शौचालयाची टाकी १८ लिटरची, दोघांना अडीच दिवस पुरते, शहरात दिवस घालवला तर चार. आडव्या बेडवर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला उठायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं. आमच्यात तो मान माझ्याकडे आहे आणि ही मला या गाडीची खरी उणीव वाटते. उंच माणसाने बेडवर पडून पाहिल्याशिवाय गाडी घेऊ नये. हीटर मंद चालला तर रात्रीत दीड लिटरच्या आतबाहेर डिझेल घेतो, त्याची तक्रार नाही. ओकच्या झाडाखाली गाडी लावू नये. रात्रभर छतावर फळं पडतात आणि पत्र्याच्या छताखाली प्रत्येक आवाज दुप्पट होतो.

मोठी गाडी हवी होती का, असं ओळखीचे विचारतात. नाही. एक मीटर जास्त असती तर त्या गल्लीतून आम्ही निघालो नसतो. पैसे घालायचे तर दुसऱ्या बॅटरीत आणि खालच्या सांडपाण्याच्या टाकीला आवरण घालण्यात. दोन्ही कामं गेल्या महिन्यात करून घेतली. पुढच्या पानगळीसाठी त्याच शहरात जागा आत्ताच राखून ठेवली आहे: उतारावरची, विजेची जोडणी असलेली, ओकपासून चांगली लांब.