पोटात कळ आली की कोणती गोळी? मेफ्टाल-स्पास, सायक्लोपाम, ड्रोटिन, बस्कोपॅन आणि कोलोस्पा, नागपूरच्या उन्हाळ्यासकट

नागपुरातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "भाऊ, पोट लय दुखून राहिलं, एक मेफ्टाल द्या." कात्रीने स्ट्रिप कापली जाते, दोन गोळ्या हातात पडतात आणि गिऱ्हाईक निघून जातं. नेमकं कुठे दुखतं, कळ येऊन जाते की दुखणं सलग आहे, सोबत जुलाब आहेत का, हे ना कुणी विचारत ना कुणी सांगत.

म्हणून हा पाच औषधांचा आढावा. मत आधीच सांगतो. पाचही औषधं चांगली आहेत, पण आपापल्या कळेपुरती. मेफ्टाल-स्पासला आपल्याकडे चिकटलेली 'पोटदुखीची गोळी' ही ओळख चुकीची आहे, आणि मे महिन्यात ती धोक्याचीही ठरते.

आतडं, पित्तनलिका, मूत्रवाहिनी, गर्भाशय या सगळ्यांच्या भिंतीत मृदू स्नायू असतात. आपण ठरवून ते हलवत नाही, ते आपले आपण आवळतात आणि सैल पडतात. हे आवळणं प्रमाणाबाहेर गेलं की कळ येते. माणूस वाकतो, पोट दाबून धरतो, थोड्या वेळाने कळ ओसरते आणि पुन्हा चढते. आत काय चाललेलं असतं? मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन सुटतं आणि स्नायूपेशीवरच्या एम-३ नावाच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसतं. पेशीतलं कॅल्शियम वाढतं, त्याने एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि ते मायोसिनच्या तंतूंना ओढायला लावतं. कळेवरच्या गोळ्या ही साखळी कुठे ना कुठे तोडतात. डायसायक्लोमिन (मेफ्टाल-स्पास आणि सायक्लोपाममधलं) आणि हायोसिन (बस्कोपॅनमधलं) एम-३ ची जागा अडवतात. ड्रोटाव्हेरिन (ड्रोटिनमधलं) पेशीच्या आत शिरून काम करतं. मेबेव्हेरिन (कोलोस्पामधलं) थेट स्नायूपेशीवर, तिच्या सोडियमच्या वाटांवर बसतं.

रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा मात्र यातली एकही गोळी घेऊ नका. पोटरीचा स्नायू वेगळ्या जातीचा, त्याची ग्राही वेगळी. कंबर धरल्यावर 'स्पास'वाली गोळी मागणारे बरेच असतात, त्यांनाही तिच्यातल्या 'स्पास'चा उपयोग नाही.

मेफ्टाल-स्पासपासून सुरू करू. एका गोळीत मेफेनॅमिक अॅसिड २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम. पाळीच्या दुखण्यावर ती चालते, पण त्यात खरं काम मेफेनॅमिकचं आहे. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतात, ते गर्भाशयाला पिळतात, आणि मेफेनॅमिक त्यांची निर्मितीच रोखतं. गर्भाशयाचा स्नायू अॅसिटिलकोलीनच्या इशाऱ्यावर फारसा चालत नाही, त्यामुळे डायसायक्लोमिनचा तिथे वाटा थोडाच. ज्यांना पाळीत फक्त ओटीपोट आणि कंबर दुखते त्यांच्यासाठी डॉक्टर साधं मेफेनॅमिक ५०० देतात, ते आमच्या मते जास्त सरळ औषध आहे. पाळीत आतड्यालाही मुरडा पडत असेल, तर 'स्पास'ची जोड कामाची.

ही गोळी वाया जाते ती बहुतेक उशिरामुळे. कळ अनावर झाल्यावर घेतली तर प्रोस्टाग्लँडिन आधीच तयार झालेले असतात, त्यांना ती मागे घेऊ शकत नाही. स्राव किंवा दुखणं सुरू होताच, काहीतरी खाऊन, पहिली गोळी घ्यायची. मग डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने दोन-तीन दिवस. उपाशीपोटी घेतली तर जठर जळतं. अल्सर, किडनीचा त्रास, अॅस्पिरिनने उठणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, यातलं काही असेल तर घेऊच नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अॅसिडबद्दल ड्रेस सिंड्रोमचा इशारा दिला होता. हा प्रकार क्वचित होतो, पण तो गंभीर आहे: अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं, आतल्या अवयवांना इजा. औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांतही तो दिसू शकतो, म्हणून पुरळ आलं तर महिनाभरापूर्वीची गोळीही डॉक्टरांना आठवून सांगा.

आणि जुलाबासोबतच्या मुरड्यावर मेफ्टाल-स्पास? नको. मेफेनॅमिक अॅसिडने काहींना जुलाबच लागतात, हा त्याचा जुना, ठाऊक असलेला दोष आहे. शिळ्या पाणीपुरीने बिघडलेल्या पोटावर ती घेणं म्हणजे आगीत तेल.

तिथे सायक्लोपामची जागा. डायसायक्लोमिन २० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल. आतड्याच्या मुरड्यावर हे डायसायक्लोमिन खरंच उतरतं, साधारण तासाभरात फरक पडतो. मात्र ते फक्त आतड्यापुरतं थांबत नाही. गोळी घेऊन तास-दीड तास झाला की जीभ टाळूला चिकटते. स्ट्रिपवरची बारीक तारीख वाचायला जावं तर अक्षरं पुसट दिसतात, कारण डोळ्यातला दृष्टी जुळवणारा स्नायूही याच ग्राहीवर चालतो. अशा वेळी गाडी चालवू नये. काचबिंदू असेल, प्रोस्टेट वाढून लघवी अडत असेल, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) असेल, तर हे औषध बाद. अंगावर पाजणाऱ्या आईलाही नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला डायसायक्लोमिनचे थेंब कधीच देऊ नयेत, त्याने श्वास थांबल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. घरातल्या मोठ्या बाळाची उरलेली बाटली तान्ह्याला वापरली जाते, तिथे हा घात होतो. शिवाय ताप म्हणून वेगळी पॅरासिटामॉलची गोळी चालू असेल तर सायक्लोपाममधलं पॅरासिटामॉल त्यात मोजा. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि मुरड्यासाठी डायसायक्लोमिन ही जोडगोळीही चिठ्ठीशिवाय घेऊ नका: एक आतडं पुढे ढकलतं, दुसरं थांबवतं.

आता नागपूरच्या उन्हाकडे येऊ, कारण परदेशी माहितीपत्रकातली एक ओळ इथे सगळ्यात जास्त लागू पडते. घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारं रसायनही अॅसिटिलकोलीनच, आणि ग्राहीही एम-३. डायसायक्लोमिनने आतडं सैल पडतं तेव्हाच घामही आटतो. पारा ४५ च्या वर असताना शरीराकडे थंड होण्याचा घाम हा एकच मोठा मार्ग असतो. तो बंद झाला की अंग कोरडं, लाल, तापलेलं होतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि उष्माघात होतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पोट बिघडलेलं, त्यात जुलाबाने पाणी गेलेलं, वर डायसायक्लोमिन घेऊन दुपारी एकला दुचाकीवर कामाला निघालेला माणूस हे धोक्याचं पूर्ण चित्र आहे.

मेफ्टाल-स्पासमध्ये हा धोका दुहेरी होतो. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठा टिकवून धरायला प्रोस्टाग्लँडिन लागतात, आणि मेफेनॅमिक नेमके तेच कमी करतं. एक घटक घाम रोखतो, दुसरा कोरड्या पडलेल्या किडनीवर ताण आणतो. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये पोट बिघडून मुरडा आला तर आधी ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घोळा, अर्ध्या पेल्यात नाही. घोट घोट प्या. डायसायक्लोमिन डॉक्टरांनी दिलंच असेल तर ते घेऊन उन्हात जाऊ नका. आणि जुलाबात रक्त किंवा ताप असेल तर आतड्याची हालचाल मंदावणारं काही स्वतःहून घेऊ नका, जंतू आतच कोंडतात.

याच कारणाने उन्हाळ्यात आमचा कल ड्रोटाव्हेरिनकडे आहे. ड्रोटिन ४० मिलिग्रॅम, ड्रोटिन डीएस ८० मिलिग्रॅम. अफूच्या बोंडातल्या पापाव्हेरिनच्या रचनेवरून हंगेरीत हे औषध घडवलं गेलं, पण यात नशा नाही. ते एम-३ च्या वाटेला जात नाही. पेशीतलं फॉस्फोडायएस्टरेज-४ हे विकर रोखून सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन वाढवतं, आणि त्याने स्नायू सैल पडतो. तोंड कोरडं नाही, घाम बंद नाही, काचबिंदू आणि प्रोस्टेटवाल्यांना तुलनेने मोकळीक. पित्ताशयाची, मूत्रवाहिनीची आणि आतड्याची कळ, तिन्हींवर ते वापरलं जातं. उणं सांगायचं तर रक्तदाब उतरतो. पाणी कमी पडलेल्या माणसाला खुर्चीतून उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून गोळीनंतर थोडा वेळ पडून राहावं. हृदय, यकृत किंवा किडनी फार कमजोर असेल तर नाही. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल तर त्याचा परिणाम घटतो, डॉक्टरांना सांगा.

बस्कोपॅन १० मिलिग्रॅमचं विशेष त्याच्या रेणूत आहे. हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड विद्युतभारित असल्याने आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं आणि मेंदूत जवळजवळ जातच नाही. म्हणून गुंगी कमी, आणि काम आतड्याच्या भिंतीपाशीच. हीच त्याची मर्यादाही: तोंडाने घेतलेल्या बस्कोपॅनकडून मुतखड्याच्या कळेची फार अपेक्षा करू नये. इंजेक्शनची गोष्ट वेगळी, त्यात औषध थेट रक्तात जातं आणि नाडीही जोरात धावते, म्हणून हृदयरोग्यांना जपून. गोळीवर साखरेचं आवरण आहे, चावू नका, फोडू नका.

कोलोस्पाबद्दलची नाराजी बहुधा ते चुकीच्या पद्धतीने घेतल्यामुळे असते. मेबेव्हेरिन १३५ हे आयबीएसचं औषध: महिनोन्महिने येणारा मुरडा, शौचाला गेल्यावर बरं वाटणं, कधी बद्धकोष्ठ कधी ढाळ. ते जेवणाच्या २० मिनिटं आधी घ्यायचं, दिवसातून तीनदा, आणि काही आठवडे सलग. तर्री पोहे खाऊन झाल्यावर पोट पिळलं म्हणून एक गोळी टाकली तर ती उशिराच पोहोचते. २०० मिलिग्रॅमच्या लांब टिकणाऱ्या कॅप्सूल दिवसातून दोनदा असतात, त्या उघडून दाणे पाण्यात टाकू नयेत. आयबीएसवाल्यांना आमची पहिली पसंती हीच, घाम आणि तोंडाचा त्रास जवळपास नसल्यामुळे.

मुतखड्याबद्दल थोडं जास्त, कारण आपल्याकडच्या उकाड्यात तो नित्याचा पाहुणा. कमी पाणी, गडद लघवी, आणि एके पहाटे कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ. समजूत अशी की मूत्रवाहिनी आवळते म्हणून दुखतं, तेव्हा स्पासची गोळी हवी. खरं दुखणं खड्यामागे तुंबलेल्या लघवीच्या दाबाचं असतं, आणि तो दाब प्रोस्टाग्लँडिन वाढवतात. म्हणूनच किडनी ठीक असेल तर दवाखान्यात डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक आधी देतात, ते नुसत्या स्पासच्या औषधापेक्षा चांगलं चालतं. कुशीतल्या कळेसोबत थंडी वाजून ताप आला तर गोळी शोधू नका. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, रात्र असली तरी मेडिकल कॉलेज, मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

तसंच बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं आणि हलताना वाढणारं दुखणं, पोट फळीसारखं घट्ट होणं, गॅसही न सुटणं, पाळी चुकलेली असताना एका बाजूला उठलेली कळ, मधुमेही किंवा वयस्कर माणसाचं घामासह छातीखालचं दुखणं. यातल्या कुठल्याही दुखण्यावर कळेची गोळी देऊ नये. तिने थोडा आराम पडतो, आणि त्या आरामात मोलाचे तास जातात.

काही स्ट्रिपमध्ये डायसायक्लोमिन आणि पॅरासिटामॉलसोबत तिसरं नाव ट्रॅमाडॉल असतं. ते अफूच्या वर्गातलं, सवय लावणारं, २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेलं. पूर्वी याच जागी डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन असायचं, त्यावर २०१३ मध्ये बंदी आली. साध्या मुरड्याला असं मिश्रण कुणी पुढे केलं तर परत करा.

स्ट्रिप कापून घेताना तारीख आणि बॅच नंबर असलेला तुकडा मागून घ्या, नाहीतर मोबाइलवर अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काढा. लाल उभी रेघ असेल तर ती चिठ्ठीवरच मिळायची गोळी आहे, दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर तो बरोबर वागतो आहे. घरी आणल्यावर गोळ्या गाडीच्या डिकीत किंवा गच्चीलगतच्या खोलीत ठेवू नका. कूलरच्या जाळीजवळची दमट जागाही नको. आतल्या खोलीतलं कोरडं कपाट बरं. मे महिन्यात बस्कोपॅनचं आवरण चिकट झालेलं किंवा मेफ्टालच्या गोळीवर डाग दिसला, तर तारीख शिल्लक असली तरी ती गोळी टाकून द्या.