मीठ तपासायचं एमबीआय किट: "आयोडीन आहे का?" इतपतच विचारा

किराणा दुकानात उघड्या गोणीतून विकलं जाणारं खडेमीठ, उपासाचं सैंधव, "नैसर्गिक" म्हणून महाग विकलं जाणारं समुद्री मीठ, यांत आयोडीन आहे की नाही हे दोन मिनिटांत कळावं, यासाठी एमबीआय कंपनीचं हे किट आहे. त्या कामाला ते खरोखर चांगलं आहे. आकडा मात्र त्याला विचारू नये.

वापर सोपा आहे. कोरड्या पांढऱ्या बशीत चमचाभर मीठ सपाट पसरायचं. खडेमीठ असेल तर आधी कुटून बारीक करायचं. त्यावर किटमधल्या चाचणीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून आलेला जांभळट निळा रंग मिनिटभरात सोबतच्या रंगपट्टीशी जुळवायचा. पट्टीवर ०, ७, १५ आणि ३० पीपीएम (मिठाच्या दहा लाख भागांत आयोडीनचे इतके भाग) असे टप्पे असतात. मोकळं राहावं म्हणून मिठात घातलेल्या पदार्थांमुळे मीठ अल्कधर्मी झालं, की आयोडीन असूनही रंग उमटत नाही. दुसरी, रीचेकची (फेरतपासणीची) बाटली त्यासाठीच आहे. नवं मीठ घेऊन त्यावर तिचे पाच थेंबांपर्यंत टाकावेत आणि त्याच जागी चाचणीचे दोन थेंब. हा टप्पा गाळला तर चांगलं मीठ नापास होतं. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

दुसरी चूक नमुना घेताना होते. मुंबईच्या पावसात गोणी ओलावली की आयोडेट, म्हणजे मिठात घातलेलं आयोडीनचं संयुग, पाण्याबरोबर तळाशी उतरतं. म्हणून नमुना वरून, मधून आणि खालून घ्यावा, आणि तिन्ही वेगवेगळे तपासावेत.

आता कमतरता. फिकट आणि मध्यम निळा यांतला फरक डोळ्यांना नीट कळत नाही, ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे आणि नेमकं त्याच रेषेवर किट डळमळतं. २०१८-१९च्या देशव्यापी आयोडीन सर्वेक्षणात पुरेसं आयोडीन असलेलं मीठ ७६.३ टक्के घरांत आढळलं. "आयोडीन आहे" आणि "पुरेसं आहे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर प्रयोगशाळेतलं टायट्रेशनच (द्रावण मोजून घालत नेमकं प्रमाण काढण्याची पद्धत) देतं.

बटाट्याच्या फोडीवर मीठ टाकून, लिंबू पिळून निळा रंग येतो का ते पाहण्याचा घरगुती प्रयोग या किटची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट असतं. त्यातून आयोडीन मोकळं व्हायला आम्लासोबत आयोडाइड हे आयोडीनचं दुसरं संयुगही लागतं, ते किटच्या द्रावणात असतं. लिंबातलं क जीवनसत्त्व उलट निळा रंग घालवतं.

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या घरांत हल्ली सैंधवाकडे वळण्याची घाई दिसते. सोडियम त्यातही जवळपास तेवढंच असतं, आणि वेगळं घातलेलं नसेल तर आयोडीन नगण्य. कमी करायचं ते मिठाचं प्रमाण: दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, लोणचं-पापडातलं धरून. १५ पीपीएमच्या ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम आयोडीन मिळतं. प्रौढाची रोजची गरज १५० आणि गरोदरपणी २५० मायक्रोग्रॅम असते. बाकीचं दूध, अंडी, मासळी यांतून यावं लागतं, म्हणून त्या थोड्या मिठात तरी आयोडीन हवंच. पोटॅशियमयुक्त "लो सोडियम" मीठ मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

किटच्या रंगावरून स्वतःच्या थायरॉइडचा अंदाज बांधू नका. त्यासाठी टीएसएच ही रक्ततपासणी आहे. लघवीतल्या आयोडीनची एकदा केलेली तपासणीही एका माणसाबद्दल फारसं सांगत नाही, कारण आकडा रोजच्या जेवणागणिक हलतो. १०० ते १९९ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही पुरेशा आयोडीनची पातळी समूहाच्या मध्यकासाठी (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यासाठी) ठरवलेली आहे.

शाळेचं स्वयंपाकघर, कॅन्टीन, सोसायटीने एकत्र मागवलेला किराणा, इथे किट जरूर ठेवावं. घरी सीलबंद आयोडीनयुक्त मीठ येत असेल तर गरज नाही. झाकणाचा डबा आणि कोरडा चमचा तेवढा सांभाळा.