जिल्हा दैनिकाचं ॲप: वर्षभर वापरल्यावर

आम्ही सांगलीवाडीचे. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघूनच घर आवरायचं की नाही ते ठरतं. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. म्हणूनच वर्गणी भरून जिल्ह्यातल्या एका दैनिकाचं ॲप घेतलं.

ई-पेपर उत्तम. हळदीचे सौदे, निधनवार्ता, सगळं जिथल्या तिथे. सासूबाई अक्षर मोठं करून वाचतात.

नोटिफिकेशनचा मात्र फार राग येतो. गेल्या ऑगस्टमध्ये रात्री अकराला आलं, 'कृष्णेचं रौद्र रूप!' मी घाईघाईने गव्हाची पोती माळ्यावर चढवली. मग बातमी उघडली, तर पातळीचा आकडाच नाही आणि फोटो 2019 चा. सकाळी मथळा गुपचूप बदललेला. छापील अंकात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दिलगिरीची चौकट येते, मग ॲपवर का नको?

त्यांचा वार्ताहर मात्र खरा माणूस. भर पावसात पुलावर उभा राहून आकडा वाचतो, व्हिडिओ तोच काढतो, बातमीही तोच लिहितो. नोटिफिकेशन बंद केलीत. वर्गणी परत भरली, ती त्याच्यासाठी.