उतारा सोपा न करता शिकवणे: धुळ्यातील इतिहास-वाचन कार्यशाळा

इतिहास शिकवणाऱ्या माध्यमिक शिक्षकांसाठी धुळ्यात हिवाळ्यात दोन दिवसांची एक कार्यशाळा भरते. मूळ साधनांतील अवघड उतारे आठवी ते दहावीच्या मुलांकडून बारकाईने कसे वाचून घ्यावेत, एवढाच तिचा विषय आहे. शुल्क 600 रुपये असून त्यात दुपारचे जेवण आणि उताऱ्यांचा छापील संच येतो. प्रशिक्षण म्हटले की ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतो, की दीपप्रज्वलन आणि सत्कार यांत येथे सकाळ जात नाही. साडेदहाच्या आत प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि एक पेन्सिल असते.

कार्यशाळेचा सारा भर एका शिस्तीवर आहे: उताऱ्याचा सारांश शिक्षकाने आधी सांगायचा नाही. आपल्याकडे नेमके उलटे चालते. शिक्षक दोन वाक्यांत अर्थ सांगतो, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि मूळ उतारा कोणी वाचतच नाही. दहावीच्या पाठ्यपुस्तकाची सुरुवात इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते, मूळ कागदपत्रांचा आग्रह धरणारा जर्मन इतिहासकार रांके त्यात भेटतो, आणि त्याच रांकेवर मुले गाइडमधली पाच ओळींची टीप पाठ करतात. हा विरोधाभास मार्गदर्शकांनी फारसे भाष्य न करता, केवळ कामाच्या पद्धतीतून उघडा पाडला. पहिल्या वाचनात पेन्सिल खाली ठेवायची, दुसऱ्यात न कळलेल्या जागा अधोरेखित करायच्या, आणि तिसऱ्या वाचनाआधी लिहिणारा कोण, कोणासाठी लिहितो आणि त्याला काय साधायचे आहे, हे ठरवायचे. अमेरिकी अभ्यासक सॅम वाईनबर्ग यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकार आणि शाळकरी मुले यांना तीच कागदपत्रे वाचायला दिली होती. इतिहासकारांची नजर आधी लेखक आणि तारीख यांवर गेली, तर मुले पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सरळ वाचत गेली. या पद्धतीचे मूळ तेथे आहे, हे मार्गदर्शकांनी प्रांजळपणे सांगितले.

संचातील सर्वांत चांगला उतारा आपल्याच मातीतला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाची आणि त्याला मिळालेल्या दानांची नोंद आहे. लेख बहुतांशी संस्कृतात असला, तरी त्यातील एक ओळ जुन्या मराठीत आहे: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे तेहाचा असि आउ जो राउला होंता ग्राहकापासी तो मढा दीन्हला.’ कार्यशाळेत या एका ओळीवर जवळजवळ तासभर गेला आणि तो वाया गेला असे मला वाटले नाही. केणे म्हणजे विक्रीचा माल, एवढीच टीप कागदाखाली होती. बाकी सारे प्रश्नांनी काढून घेतले: पाटणच्या बाजारात माल विकायला निघाला की त्यावरचे देणे कोण देत होते, ते आधी कोणाकडे जात होते, आता कोणाकडे वळले, आणि या दानात राजाच्या कोठारातून प्रत्यक्ष काय बाहेर पडले? ओळीचा अर्थ हळूहळू उलगडला: या पाटणात जो माल विकायला निघतो, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले. एका शिक्षिकेने मुद्दा काढला, की गिऱ्हाइकाच्या खिशाला यात काहीच फरक पडत नाही, त्याचे देणे पूर्वी होते तेवढेच राहते. दानाचे पुण्य मात्र दुसऱ्याच्या नावावर जमा होते. हीच ओळ पुढे मी नववीच्या वर्गात ठेवली, तेव्हा घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना ‘दीन्हला’ म्हणजे ‘दिला’ हे प्रमाण मराठी बोलणाऱ्यांच्या आधी उमगले. ज्या बोलीबद्दल त्यांना एरवी वर्गात संकोच वाटतो, तिचा इतिहासाच्या तासाला उपयोग होतो, हे त्यांच्यासाठीही नवे होते.

दुसरा मोठा उतारा 1880 च्या खानदेश गॅझेटियरमधील भिल्लांविषयीच्या भागातून घेतला आहे, आणि माझी मुख्य तक्रार येथेच आहे. निवड उत्तम आहे. 1825 मध्ये इंग्रजांनी भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा बंदोबस्त पाहणाऱ्या सरकारी कचेऱ्या, स्थापन केल्या आणि आउट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्लांची पलटण उभी केली, याचे वर्णन सरकारी लेखणीतून येते. अधिकारी काय करतात आणि भिल्लांचे काय केले जाते, याचे दोन रकाने मुलांनी मांडले, तर निवडलेल्या उताऱ्यात एकही भिल्ल स्वतःच्या तोंडाने बोलत नाही, हे न सांगता दिसते. परंतु संचात मूळ इंग्रजी नाही, केवळ मराठी भाषांतर आहे आणि ते फार गुळगुळीत आहे. राज्यकर्त्यांच्या भाषेतील तुच्छता भाषांतरकाराने बहुधा सौजन्यापोटी घासून काढली, आणि जे बारकाईने वाचायचे तेच नेमके हरवले. सेमी-इंग्रजीच्या वर्गांना तरी मूळ परिच्छेद शेजारी छापून द्यायला हवा होता. शिवाय सेंधवा घाटाच्या रखवालीवर सरकारी पगारात असलेला भिल्ल पुढारी खाज्या नाईक 1857 मध्ये सरकारविरुद्धच का उठला, याविषयीचे एखादे टिपण सोबत असते, तर दोन साधने एकमेकांवर घासून पाहण्याचा सराव झाला असता. सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवणाऱ्यांच्या वर्गात भिल्ल आणि पावरा मुले समोर बसलेली असतात. असा एकतर्फी उतारा त्यांच्यापुढे कसा ठेवावा, यावर मार्गदर्शकांकडे चांगल्या हेतूपलीकडे काही तयारी दिसली नाही.

मराठेशाहीतील पत्रांवरचे सत्र साधारण होते. ‘छ’ने सुरू होणारी मुसलमानी महिन्याची तारीख मुले वगळून पुढे जातात, म्हणून तिथूनच सुरुवात करावी, ही सूचना उपयोगी आहे, उरलेला वेळ मोडी लिपीच्या कौतुकात गेला. इतिहासाचार्य राजवाडे यांचे 1926 च्या अखेरीस याच शहरात निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ 1927 पासून येथे आहे. एवढे हाताशी असताना शिक्षकांना एकही जुना कागद प्रत्यक्ष दाखवू नये, याचे आश्चर्य वाटते. भरीत आणि कळण्याची भाकरी मात्र अप्रतिम होती, हे लिहिले नाही तर कृतघ्नपणा ठरेल.

पद्धत आपल्या शाळांत कितपत चालेल, हा प्रश्न उरतोच. पस्तीस मिनिटांच्या तासात, साठ मुलांच्या वर्गात, तीन वाचने होत नाहीत. मी उतारा सहा-सात ओळींवर आणला, पहिली दोन वाचने एका तासाला आणि प्रश्न दुसऱ्या तासाला घेतले, तेव्हा जमले. असे तुकडे कसे पाडावेत, याचे मार्गदर्शन कार्यशाळेने करायला हवे होते. उत्तरांना गुण कसे द्यावेत, याबाबतही ती गप्प आहे, आणि गुण नसतील तर नोव्हेंबरनंतर पालक आणि मुख्याध्यापक दोघेही अभ्यासक्रम कुठवर आला एवढेच विचारतात.

तरीही नववीला शिकवणाऱ्यांनी जावे असे मी म्हणेन. दहावीच्या शिक्षकाला वर्षभरात एक-दोन उताऱ्यांपलीकडे सवड मिळणार नाही. उताऱ्यांचा संच 150 रुपयांना सुटाही मिळतो, परंतु प्रश्नांचा क्रम दाखवणारी पत्रके त्यात नसतात, ती उपस्थितांनाच देतात. त्यामुळे नुसता संच मागवून काही हाती लागणार नाही.